आजीच्या कार्डावर

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या काकूंना एका उन्हाळ्यात मी माझ्या आजीचा आजार पाठ करून दिला. पाठ म्हणजे अक्षरशः पाठ. दुपारची जेवणं आटोपली की मी त्यांना ओट्यापाशी बसवायची आणि डॉक्टर होऊन प्रश्न विचारायची. "माताजी, शुगर कबसे है?" काकू पदर सारखा करून म्हणायच्या, "बारा साल से." "गोली कौनसी?" "वो छोटी, सफेद वाली. सुबह की." मग आम्ही दोघी हसत सुटायचो. मला एकोणिसावं लागलं होतं. आपण कुणाचं तरी भलं करतोय असं एकदा वाटलं की माणूस किती मूर्खपणा करू शकतो, हे मला अजून कळायचं होतं.

काकू साठीच्या. ठेंगण्या, बोलण्यात खणखणीत, आणि पोळ्यांच्या बाबतीत भलत्याच गर्विष्ठ. उज्जैनमध्येच जन्मल्या, इथेच लग्न झालं. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा शिंद्यांच्या दरबारी कारकून होते, हे त्या नव्या घरात कामाला लागताना पहिल्या दिवशीच सांगून टाकायच्या. म्हणजे पुढे कुणी आवाज चढवायला नको. यजमान कापडाच्या गिरणीत होते. गिरणी होती तोवर कामगारांसाठी दवाखाना होता. आधी यजमान गेले, मग गिरणीला कुलूप लागलं. त्यानंतर काकूंसाठी दवाखाना असा कुठे राहिलाच नाही.

आमच्या फ्रीगंज भागातली चार मराठी घरं त्यांच्याकडे होती. एक बँकेतल्या मॅनेजरांचं, एक प्रोफेसरांचं, एक बाबांच्याच ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचं, आणि सगळ्यात शेवटी आमचं. आमच्याकडे नैवेद्य दाखवून झाला की मग दोन वाजता त्या जेवायच्या. त्याआधी दिवसभरात अन्नाचा कण नाही, फक्त सकाळचा एक चहा. देवाला दाखवल्याशिवाय स्वयंपाक करणारीने तोंडात काही घालायचं नाही, असा त्यांचा नेम होता. आम्ही कुणी तो मोडायला सांगितलं असतं तर त्यांनी आमचं घर सोडलं असतं, नेम नव्हे.

त्या वर्षी त्यांचे गुडघे सुजले. उभं राहवेना. सरकारी इस्पितळात जा, असं चारही घरांतून सांगून झालं. सांगायला कुणाचं काय जातं! तिथे डॉक्टर बसायचे सकाळी नऊ ते एक, आणि काकूंची चारही घरं त्याच वेळात. "एक दिवस छुट्टी घ्या ना," असं मी म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बेटा, एका दिवसात नंबर तरी लागतो का? आज परची, उद्या एक्स-रे, परवा पुन्हा डॉक्टर. तोवर तुझी आई दुसरी बाई पाहून घेईल." आई तिथेच होती. ती "काहीतरीच" म्हणाली खरी, पण फार जोरात म्हणाली नाही. फ्रीगंजमध्ये तेव्हा एकामागोमाग एक खाजगी नर्सिंग होम उघडत होती, काचेची दारं, आत गार हवा. काकू त्यांच्यासमोरून रोज जायच्या आणि रात्री गुडघ्यांना मोहरीचं तेल चोळायच्या.

बाबांच्या खात्याचा स्वतःचा दवाखाना होता आणि तो संध्याकाळीही उघडा असायचा. बाबांच्या कार्डावर आमची चार नावं होती. त्यातलं एक आजीचं. आजी आदल्या हिवाळ्यात इंदूरला, काकांकडे असताना वारली होती. नाव कमी करण्याचा अर्ज बाबांनी लिहून ठेवला होता, पण तो नेऊन द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. रोज "उद्या देतो" म्हणायचे. कार्डावर जुना फोटो होता, त्यात आजीचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तो फोटो कुठल्याही म्हातारीचा म्हणून चालला असता.

कल्पना माझीच. मी ती जेवताना बोलून दाखवली तेव्हा आई हसली आणि बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. बाबा तसे सरळ माणूस. ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी न आणणारे. पण काकूंना भिंत धरून आत येताना तेही रोज पाहत होते. दोन दिवसांनी हात धुता धुता ते म्हणाले, "संध्याकाळी सहानंतर तिथे गर्दी कमी असते." एवढंच. आमच्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे, कुणीच घेतले नाहीत असे.

दवाखान्यात मी बरोबर गेले. डॉक्टर नवे होते, नुकतेच बदलून आलेले, त्यांनी आजीला कधी पाहिलं नव्हतं. कार्ड बघितलं, जुनी फाइल काढली, आणि फाइलमधूनच विचारायला सुरुवात केली. शुगर कधीपासून, गोळी कुठली. काकूंनी सगळं धडाधड सांगितलं. डॉक्टर खूष. "माताजी, उम्र तो चौहत्तर की लगती नहीं." काकू म्हणाल्या, "दिनभर काम करती हूँ ना, चार घर का." मी घाईने म्हटलं, "मतलब घर का काम, डॉक्टर साहब. चार जनों का." डॉक्टरांनी मान डोलावली. गुडघ्यांच्या गोळ्या लिहिल्या, आणि खाली आजीचीच शुगरची गोळी, त्याच प्रमाणात, जशीच्या तशी उतरवून काढली.

घरी आल्यावर त्या पांढऱ्या गोळ्या ओट्यावर पडल्या होत्या आणि आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत होतो. त्या क्षणी मी त्या उचलून मोरीत टाकायला हव्या होत्या. मी बी.एस्सी.ला होते. रक्तातली साखर कशी वाढते आणि कशी उतरते हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आले होते. पण आई म्हणाली, "या वयात थोडीफार असतेच शुगर. डॉक्टरांनी बघूनच दिली असेल ना?" आणि काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी दिली तर खायची. फेकायची कशाला, चांगली दवाई?" डॉक्टरांनी फक्त कागद बघितला होता. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले होते, मला ते माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण शंका काढली असती तर सगळा बेतच चुकीचा ठरला असता, आणि बेत माझा होता.

गुडघ्यांची सूज मात्र खरंच उतरली. पंधरा दिवसांत काकू पायऱ्या चढून येऊ लागल्या. आमच्या घरात सणासारखं वातावरण. मी तर स्वतःवर इतकी खूष होते की कॉलेजात मैत्रिणींना सांगायची फार इच्छा व्हायची. गुडघे बरे झाले म्हटल्यावर त्या पुडीतल्या सगळ्याच गोळ्यांवर सगळ्यांची श्रद्धा बसली. सकाळी सातला, बिनसाखरेच्या चहाबरोबर, काकू ती छोटी गोळी नेमाने घ्यायच्या. शुगर हा साहेबलोकांचा आजार, तो आपल्याला झाला याचा त्यांना थोडा अभिमानही वाटू लागला. बँकवाल्यांकडच्या मुंजीत श्रीखंडाची वाटी त्यांनी हाताने बाजूला सारली आणि चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला मना आहे." घरी येऊन तेच सांगताना त्या खळखळून हसल्या होत्या.

पावसाळा संपता संपता त्यांना घाम फुटायला लागला. ऐन अकरा-साडेअकराला, हात थरथरायचे. पोळ्या, ज्यांच्यावर त्यांचा एवढा जीव, त्या कडेने जाड आणि मध्ये करपलेल्या होऊ लागल्या. एकाच भाजीत दोनदा मीठ. काही विचारलं तर भलतंच उत्तर द्यायच्या, किंवा उगाच अंगावर यायच्या. दोन वाजता जेवल्या की अर्ध्या तासात पुन्हा पहिल्यासारख्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, रोज, घड्याळ लावल्यासारखं. तरी आम्ही म्हणत होतो, काकूंचं आता वय झालं.

दिवाळीत बँकवाल्यांनी त्यांना पुढे येऊ नका म्हणून सांगितलं. साडीचोळी देऊन, अगदी गोड शब्दांत. संक्रांतीला प्रोफेसरांनी. दोन्ही ठिकाणी एकच वाक्य: आता आराम करा, वय झालं. काकूंनी ते वाक्य आमच्याकडे जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "आराम कुठे करायचा ते नाही सांगत कुणी." मग त्या भाकरीच्या पिठाकडे वळल्या आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून मळत राहिल्या.

आम्हाला वाटलं आजार वाढला. म्हणून पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. संध्याकाळची वेळ, काकू दुपारी पोटभर जेवलेल्या, रिपोर्ट अगदी छान आला. "बहुत बढ़िया," डॉक्टर म्हणाले, "दवा असर कर रही है. चालू रखिए." मी तो कागद नाचवत घरी आणला.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, चैत्री नवरात्राचा उपास चालू असताना, काकू आमच्या स्वयंपाकघरात पडल्या. लाटणं हातात तसंच. डोळे उघडे, पण ओळख नाही. अंग घामाने भिजलेलं. बाबा जेवायला घरी आलेले होते, ते धावत जाऊन शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना घेऊन आले. हे डॉक्टर मराठीच, प्रॅक्टिस जवळपास बंद केलेले. त्यांनी नाडी बघितली, साखरेचं पाणी मागवलं, चमच्याने थोडं थोडं ओठांत सोडलं. दहा मिनिटांत काकू उठून बसल्या आणि पहिल्यांदा काय केलं तर पदर सारखा केला.

"काय औषध घेता बाई?" डॉक्टरांनी विचारलं. आईने काकूंच्या पिशवीतली पुडी काढून दिली. त्यांनी गोळी उलटीसुलटी करून पाहिली. "शुगर कधीपासून आहे?"

बाबा दारात उभे होते. आणि काकू, अजून घामाने ओल्या, एकदा बाबांकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "बारा वर्षं झाली."

मी शिकवलेलं त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना वाटलं असणार, बाहेरचा माणूस आहे, दादांच्या, म्हणजे बाबांच्या, नोकरीवर यायला नको. जो माणूस त्यांना बरं करायला आला होता त्याच्याशी त्या आमच्यासाठी खोटं बोलल्या. मला रडू फुटायला लागलं म्हणून मी बाहेर अंगणात गेले. डॉक्टर निघाले तेव्हा त्यांना फाटकापाशी गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कार्ड, आजी, पाठांतर, सगळं.

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे या बाईंना शुगर नाहीच," ते म्हणाले. "आणि दोन वाजेपर्यंत उपाशी राहून ही गोळी. जिवंत आहेत हेच खूप. गोळी आजपासून बंद. आणि त्यांना नीट समजावून सांगा का बंद केली ते. सांगाल ना?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आल्यावर आम्ही तिघं दार लावून बसलो, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. ऑफिसात तेव्हा रोज काही ना काही नवीन निघत होतं. माणसं कमी करायची आहेत, स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटलेत, कुणाच्या कशाची चौकशी लागलीय. बाबांचे सोबती घाबरून एकमेकांशी हळू बोलायचे. "गोळी बंद करायची," बाबा म्हणाले, "पण सांगायचं नाही. त्या साहेबांकडे रोज जातात. बोलता बोलता एक शब्द निघाला तर मी घरी बसेन. हिचं शिक्षण राहील." आईने माझ्याकडे बघितलं. मला वाद घालता आला असता. मी बाबांचे हात पाहिले, ते मांडीवर नुसते उघडे पडले होते, आणि मी म्हटलं, "ठीक आहे."

काकूंना आईने सांगितलं, दवाखान्यात औषध यायचं बंद झालंय. आठवडाभर त्या रोज विचारायच्या, "वहिनी, आली का दवाई?" मग विचारेनाशा झाल्या. आमच्याशी बोलणंही कमी झालं. जेवायचं पान घेऊन त्या आता मागच्या पायरीवर जाऊन बसायच्या. मला वाटायचं, बरं झालं, निदान जेवतात तरी.

आषाढात साहेबांच्या घरातूनही त्यांना काढलं. साहेबांच्या बायकोने आईला भजनात सांगितलं, गॅस चालू करून, न पेटवता, भिंतीला टेकून बसल्या होत्या म्हणे, डोळे भिंतीवर. घर उडालं असतं. आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा, लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं. गोळी तर बंद होऊन तीन महिने झाले होते. म्हणजे दोष गोळीचा नव्हता. म्हणजे खरंच वय झालं होतं, आणि आम्ही काही केलं नव्हतं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

श्रावणात काकू तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आईने मला बघून यायला पाठवलं. त्यांची खोली शहरात, देवळामागच्या बोळात, जिन्याखाली. दार नुसतं लोटलेलं. काकू पाटावर बसून चहा पीत होत्या, काळा, बिनसाखरेचा. गाल बसलेले. मला बघून त्यांनी कागदाच्या लहानशा पुडीतून काहीतरी काढलं आणि चहाच्या घोटाबरोबर गिळलं. छोटी, पांढरी गोळी.

"ही कुठून आणली काकू?"

"देवास गेटहून. मेडिकलवाल्याला जुनं रिकामं पाकीट दाखवलं, त्याने तीच दिली. दहा-दहा आणते." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी बंद केली म्हणून माझी बीमारी थोडीच बंद झाली? मी समजते बेटा. दुसऱ्याची म्हातारी किती दिवस सांभाळणार कुणी. पण तोंडावर सांगायचं ना. औषध येत नाही म्हणून झूठ कशाला?"

मी त्यांच्या पायाशी बसले. ती पुडी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं. तुम्हाला शुगर नाही. कधीच नव्हती. ती आजीची होती. घाम, थरथर, चक्कर, सगळं या गोळीने झालं. मी सांगत होते आणि आपलं आपल्यालाच ऐकू येत होतं की किती थोडक्यात सांगता येतं हे. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

काकूंनी कप खाली ठेवला. बोळातून कुणी सायकल ढकलत नेत होतं, त्याची घंटा वाजली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं वय झालं नव्हतं?"

"नाही काकू."

"पोळ्या बिघडत होत्या त्या पण..."

"त्या पण गोळीनेच."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. क्षणभर मला वाटलं त्या हसतील. आता मला जवळ घेतील, नालायक म्हणतील, आणि झालं गेलं संपेल. मी त्याचीच वाट बघत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"रामनवमीच्या वेळी."

"दादांना पण?"

"हो. सगळ्यांना."

काकूंनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत.

"साहेबांचं घर तर आषाढात सुटलं," त्या म्हणाल्या.